स्की इन्स्ट्रक्टर आणि कोच : हे काम नेमकं असतं कसं?

बर्फवाट

दुसऱ्या एका धाग्यावर परवा कुणीतरी लिहिलं, की स्की इन्स्ट्रक्टर म्हणजे पगारी सुट्टीवर असलेली माणसं. तिथे उत्तर देणं विषयांतर झालं असतं, म्हणून हा वेगळा धागा काढते आहे. मी आधी इन्स्ट्रक्टर म्हणून शिकवलं, पुढे शर्यतीत उतरणाऱ्या मुलांची कोच झाले आणि आता नवे इन्स्ट्रक्टर घडवण्याचं काम करते. या पेशावर माझा जीव आहे, त्यामुळे त्यातलं चांगलं आणि खुपणारं दोन्ही लिहिणार आहे.

मुख्य मुद्दा आधीच सांगते. या कामातलं खरं कसब म्हणजे समोरच्याचं अंग आणि त्याची भीती वाचता येणं. स्वतः झोकात स्की करता येणं ही फक्त पूर्वअट. पण परीक्षा, पगार, हंगाम अशी या पेशाची सगळी घडी नेमकं या कसबालाच सगळ्यात कमी मोजते.

पहिल्या तासापासून सुरुवात करू. नवखा विद्यार्थी आला की मी आधी त्याचे बूट बघते. भाड्याचे बूट बहुतेकांनी एखाद-दुसरं माप मोठे घेतलेले असतात, कारण उभं राहून पाहिलं की तेच आरामशीर वाटतात. आत दोन-दोन मोजे, त्यात पँटचं टोक खोचलेलं. अशा बुटात नडगी पुढच्या जिभेला नीट टेकत नाही आणि पाऊल आतल्या आत फिरतं, स्की मात्र जिथल्या तिथे. एकच पातळ मोजा, पँट बाहेर, टाच जमिनीवर आपटून मागे बसवायची आणि मग बकलं आवळायची. पाच मिनिटांचं काम आहे, पण ते न केल्यामुळे दिवसभर "मला जमतच नाही" म्हणत रडकुंडीला आलेली माणसं मी पाहिली आहेत.

मग उतार. उतारावर घाबरलेलं शरीर डोंगराच्या बाजूला, म्हणजे मागे कलतं. वजन टाचांवर जातं आणि स्कीच्या पुढच्या भागावरचा दाब सुटतो. वळण सुरू करायला तोच भाग लागतो, त्यामुळे स्की वळायचं सोडून सरळ खाली पळायला लागते. वेग वाढला की माणूस आणखी मागे जातो. हे चक्र तोडणं म्हणजेच पहिल्या दोन-तीन दिवसांचं शिकवणं. "पुढे झुका, पुढे झुका" असं ओरडून ते तुटत नाही. घाबरलेल्या माणसाला पुढे झुकणं म्हणजे दरीत झुकणं वाटतं. त्यापेक्षा उतार सौम्य करायचा, वळताना बाहेरच्या बुटाच्या वरच्या बकलाला हात लावायला सांगायचा, चालत्या स्कीवर छोट्या उड्या मारायला लावायच्या. वजन आपोआप जागेवर येतं, आणि ते आलंय हे त्या माणसाला कळतही नाही.

याला संशोधनाचाही आधार आहे. गाब्रिएले वुल्फ आणि सहकाऱ्यांनी १९९८ साली स्की सिम्युलेटरवर प्रयोग केला. काहींना बाहेरच्या पावलावर जोर द्यायला सांगितलं, काहींना पावलाखालच्या फळीच्या बाहेरच्या चाकांवर. हालचाल एकच, पण ज्यांचं लक्ष स्वतःच्या पावलाऐवजी चाकांवर होतं ते जास्त चांगलं शिकले. कसलेले इन्स्ट्रक्टर हे अनुभवाने करत आलेत. "गुडघा आत घ्या" म्हणण्याऐवजी "बाहेरच्या स्कीने बर्फावर जाड रेघ ओढा" म्हणतात.

एक प्रसंग सांगते. एक बाई मधल्याच उतारावर थांबल्या होत्या. सोबतची मंडळी खाली निघून गेलेली. ओठ मिटलेले, नजर स्कीच्या टोकांवर खिळलेली, काठ्या इतक्या घट्ट धरलेल्या की हातमोजे चोळामोळा झालेले. अशा वेळी वर उभं राहून बोलायचं नसतं. मी त्यांच्या खाली, हाताच्या अंतरावर जाऊन उभी राहिले, म्हणजे त्यांना खाली पाहिल्यावर उतार न दिसता मी दिसावे. वळणं वगैरे सगळं बाजूला ठेवलं. स्की उताराला आडव्या, कडा थोड्या सैल, एक वीत सरकायचं आणि कडा रोवून थांबायचं. पुन्हा एक वीत. पाचव्या-सहाव्या वेळी त्या बोलायला लागल्या, आणि माणूस बोलायला लागला की श्वास सुरू झालेला असतो. सगळा उतार आम्ही तसाच सरकत उतरलो. त्या दिवशी त्या एकही वळण शिकल्या नाहीत, पण दुसऱ्या दिवशी परत आल्या. माझ्या लेखी तो उत्तम धडा होता. हिशेबात त्याची नोंद मात्र "एक तास" एवढीच.

आता हिशेबाचंच सांगते. बहुतेक स्की स्कूलमध्ये इन्स्ट्रक्टरला शिकवलेल्या तासांचे पैसे मिळतात. विद्यार्थी मोजतो त्यातला मोठा हिस्सा रिसॉर्टकडे किंवा स्कूलकडे जातो. सकाळी लिफ्ट सुरू व्हायच्या आधी सगळ्यांनी रांगेत हजर राहायचं. ज्यांना जुने विद्यार्थी नाव घेऊन मागतात त्यांचा दिवस नक्की, उरलेल्यांना आलेल्या गर्दीप्रमाणे वाटणी. गर्दी नसेल तर दिवस बुडाला. उत्तर गोलार्धात हंगाम साधारण डिसेंबर ते एप्रिल. नंतर काही जण जून ते ऑक्टोबर न्यूझीलंड, चिली, अर्जेंटिना गाठतात आणि वर्षाला दोन हिवाळे जगतात. पंचविशीत हे फार सुंदर वाटतं. पस्तिशीत घर, मुलं, म्हातारे आईवडील यांच्याशी ते जुळवता जुळवता दमछाक होते, आणि शिकवण्यात मुरलेले लोक नेमके तेव्हाच पेशा सोडून जातात. मला सगळ्यात जास्त खुपतं ते हे.

प्रश्न विचारा, जमेल तसं लिहीत जाईन.

कुतूहल

वाचनखूण साठवली. बुटांचं वाचून डोळे उघडले. ही शिकवण्याची पद्धत मुळात बसवली कुणी? की आधी सगळे आपापलं पडत-धडपडतच शिकायचे?

बर्फवाट

@कुतूहल, पडत-धडपडत शिकणं होतंच, पण पद्धतीचा इतिहास शंभर वर्षांहून जुना आहे. ऑस्ट्रियात लिलिएनफेल्डला माथियास झ्डार्स्की याने एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी तीव्र उतारांसाठी वेगळं तंत्र बसवलं. एकच लांब काठी वापरायची, वळणावळणाने उतरायचं. हजारो लोकांना त्याने ते विनामूल्य शिकवलं. १९०५ साली त्याने फाटकांमधून, म्हणजे रोवलेल्या काठ्यांमधून वळत उतरण्याची स्पर्धाही भरवली. आजच्या स्लॅलम शर्यतीची सुरुवात तिच्यापासून धरतात.

पण 'स्की स्कूल' या कल्पनेचा खरा बाप हानेस श्नायडर. जन्म १८९०, आर्लबर्ग भागातला. १९०७ मध्ये तो सांक्ट आंटोनला शिकवायला लागला. पहिल्या महायुद्धात सैनिकांना स्की शिकवताना एक गोष्ट त्याच्या पक्की लक्षात आली, की मोठ्या संख्येने माणसं शिकवायची तर पायऱ्या ठरलेल्या हव्यात. आधी स्नोप्लाउ, म्हणजे स्कीची टोकं जवळ आणि शेपट्या लांब ठेवून वेग आवरणं. मग एकाच स्कीची शेपटी बाहेर ढकलून घेतलेलं स्टेम वळण, मग तशीच सुरुवात करून शेवटी दोन्ही स्की समांतर आणणारं स्टेम ख्रिस्तियानिया. विद्यार्थ्यांचे कौशल्याप्रमाणे वर्ग, आणि सगळे इन्स्ट्रक्टर एकच क्रम शिकवणार. आज जगात कुठेही गटात नाव नोंदवलं की पहिल्या दिवशी तुमची चाचणी घेऊन वर्ग ठरवतात, ती त्याचीच देणगी.

१९३८ साली ऑस्ट्रिया जर्मनीत विलीन केल्यावर नाझींनी त्याला अटक केली. हार्वे गिब्सन या अमेरिकन बँकरच्या खटपटीने तो सुटला आणि १९३९ च्या फेब्रुवारीत न्यू हॅम्पशरमधल्या नॉर्थ कॉन्वेला पोहोचला. गावातल्या मुलांनी स्कीच्या काठ्यांची कमान धरून त्याचं स्वागत केलं. उरलेलं आयुष्य त्याने तिथेच शिकवण्यात घालवलं.

दवबिंदू

परीक्षांबद्दल लिहा ना. भाचा कॅनडात पहिली पातळी पास झालाय. तो म्हणतो आठवडाभरात झालं. मग इतकं अवघड काय आहे त्यात?

बर्फवाट

@दवबिंदू, भाच्याचं अभिनंदन! पहिली पातळी खरंच थोड्या दिवसांत होते, आणि तिच्यावर नवख्यांना शिकवता येतं. खरी चढण पुढे आहे. कॅनडाची इन्स्ट्रक्टर संघटना १९३८ पासूनची, अमेरिकेची १९६१ पासूनची. कॅनडात आणि ब्रिटनमध्ये चार पातळ्या, अमेरिकेत तीन. शेवटची पातळी गाठायला कित्येक हंगाम जातात आणि बरेच जण वाटेत थांबतात.

आल्प्समध्ये पूर्ण अधिकाराने काम करायचं तर आणखी एक घाट आहे, युरोटेस्ट. ही वेळ लावून घेतलेली जायंट स्लॅलमची, म्हणजे लांब लांब रोवलेल्या फाटकांमधून वेगात उतरण्याची फेरी असते. आधी काही वेगवान स्कीअर उतरतात आणि त्यांच्या वेळांवरून आधारवेळ ठरते. पुरुषांना तिच्यापेक्षा जास्तीत जास्त १८ टक्के आणि स्त्रियांना २४ टक्के वेळ चालतो. ऐकायला सवलत मोठी वाटते. पण लहानपणी शर्यतीत न उतरलेल्या माणसासाठी ती भिंत आहे. जोडीला बर्फाळ डोंगरातल्या सुरक्षिततेची परीक्षा असते. २०१९ मध्ये युरोपीय संघाने या दोन्ही मिळून एक सामायिक चाचणी मान्य केली. ती पार केलेल्याची पात्रता सहभागी देशांमध्ये आपोआप धरली जाते.

सुरक्षिततेची परीक्षा हवीच, त्याबद्दल वाद नाही. हिमस्खलनात गाडलेल्या माणसाला दहा मिनिटांत बाहेर काढलं तर जगण्याची शक्यता ९० टक्क्यांच्या वर असते, नंतर ती भराभर कोसळते. तेवढ्या वेळात बाहेरची मदत पोहोचत नाही. गाडलेल्याच्या अंगावरच्या छोट्या रेडिओ-यंत्राचा ४५७ किलोहर्ट्झचा सिग्नल पकडायचा, सळईने जागा नक्की करायची आणि फावड्याने उपसायचं, हे सोबतच्यांनाच करावं लागतं. विद्यार्थ्यांना आखलेल्या उतारांबाहेर नेणाऱ्याच्या हातात हे मुरलेलं असलंच पाहिजे.

माझा आक्षेप वेळेच्या फेरीला आहे. मी घडवलेल्यांपैकी सगळ्यात कसदार शिक्षिका त्या फेरीत काही दशांश सेकंदांनी अडकली, आणि जिला समोरच्या माणसाची भीती दिसतही नाही अशी एक माजी स्पर्धक पहिल्याच फटक्यात पार झाली. इन्स्ट्रक्टरला वेग कळायला हवा हे मान्य. पण शिकवण्याची परीक्षाही तितक्याच निष्ठुरपणे घ्यायला हवी. खरे नवखे विद्यार्थी द्या, तीन दिवस द्या, आणि शेवटी ते कुठे पोहोचले ते बघा.

पूर्वस्पर्धक

युरोटेस्टबद्दल असहमत. मी स्वतः शर्यतींतून आलो. वेगात काय होतं ते अंगाने कळलेलं नसेल तर वरच्या दर्जाच्या विद्यार्थ्याला काय शिकवणार? वेळेत लबाडी चालत नाही, परीक्षकाची ओळख कामी येत नाही. शिकवण्याचे गुण देताना हे दोन्ही शिरतं. घड्याळ निदान प्रामाणिक असतं.

बर्फवाट

@पूर्वस्पर्धक, घड्याळाच्या प्रामाणिकपणाचा मुद्दा पटतो. शिकवण्याच्या परीक्षेत ओळखीपाळखी चालतात हे मीही पाहिलं आहे. म्हणूनच विद्यार्थ्यांच्या प्रगतीवर गुण द्या म्हणतेय, तिथे परीक्षकाच्या मर्जीला वाव कमी राहतो. आणि वरच्या दर्जाचे विद्यार्थी एकूण विद्यार्थ्यांत किती? बहुतेक इन्स्ट्रक्टरांचं बहुतेक आयुष्य पहिल्या आठवड्यातल्या माणसांसोबत जातं.

रानजाई

माझ्या सहा वर्षांच्या लेकीला गटात घातलं होतं. तिच्या इन्स्ट्रक्टरने अख्खी सकाळ 'पिझ्झा' (स्कीची टोकं जवळ, शेपट्या लांब) आणि 'फ्रेंच फ्राइज' (दोन्ही स्की समांतर) खेळण्यात घालवली, असं मला तेव्हा वाटलं. दुपारी ती वेज, म्हणजे तोच पिझ्झा, करून स्वतः थांबायला लागली! तो मुलगा तिच्यासमोर उलटा, म्हणजे पाठ उताराकडे करून स्की करत होता. त्याचं लक्ष पुढच्यावर आणि मागून येणाऱ्यांवर एकाच वेळी कसं काय राहतं?

बर्फवाट

@रानजाई, सरावाने जमतं, पण थकवतं फार. लहान मुलांचा वर्ग हे या पेशातलं सगळ्यात अवघड आणि सगळ्यात कमी मान असलेलं काम आहे. बहुतेक ठिकाणी ते सगळ्यात नव्या इन्स्ट्रक्टरकडे सोपवतात. तिथे हवीत सगळ्यात अनुभवी माणसं.

सहा वर्षांच्या मुलाचं डोकं शरीराच्या मानाने मोठं आणि जड असतं, पायातला जोर कमी. त्यामुळे ते थोडं मागे बसूनच स्की करणार. त्याला मोठ्यांसारखं उभं करायला जाऊ नये. एका वेळी एकच सूचना, तीही खेळातून. हातमोजा ओला झालाय, लघवीला जायचंय, शेजारच्या मुलाने ढकललं, यातलं काहीही झालं की शिकणं संपलं. हे मूल सांगत नाही, तुम्हाला ओळखावं लागतं. चेअरलिफ्टवर कोण कुणाशेजारी बसणार, बार कोण खाली घेणार, हे आधी ठरवावं लागतं. गट थांबवायचा तर उताराच्या कडेला, वरून येणाऱ्याला दिसेल अशा जागी, आणि शेवटच्या मुलाला सगळ्यांच्या खालच्या बाजूला थांबायला शिकवायचं, म्हणजे घसरला तरी कुणावर आदळणार नाही.

आंतरराष्ट्रीय स्की महासंघाचे उतारावरच्या वागणुकीचे दहा नियम १९६७ पासून आहेत. वरून येणाऱ्याने आपला मार्ग असा निवडायचा की खालच्याला धोका होणार नाही, हा त्यातला सगळ्यात कामाचा. मुलांना मी तो पहिल्याच दिवशी पाठ करायला लावते.

अस्थिबंध

मी फिजिओथेरपिस्ट आहे. गुडघ्यांबद्दल थोडी भर घालतो.

पडल्यावर बूट स्कीपासून सोडवणाऱ्या बाइंडिंगमुळे नडगीचे फ्रॅक्चर पूर्वीच्या मानाने पुष्कळ कमी झाले. पण गुडघ्यातल्या पुढच्या क्रूशिएट लिगामेंटचं, म्हणजे एसीएलचं रक्षण बाइंडिंग करत नाही. नेहमीचा प्रकार असा. माणूस मागे पडतो, नितंब गुडघ्यांच्या खाली जातात, सगळं वजन खालच्या स्कीच्या आतल्या कडेवर शेपटीपाशी येतं, आणि ती स्की वळून पाय आत पिरगाळते. पडता पडता उठायचा प्रयत्न करणाऱ्यांचा गुडघा जास्त जातो.

एटलिंगर, जॉन्सन आणि शीली यांनी १९९५ साली प्रसिद्ध केलेलं काम या पेशातल्या प्रत्येकाला माहीत असावं. स्की गस्ती पथकातले लोक आणि इन्स्ट्रक्टर यांना खऱ्या अपघातांच्या चित्रफिती दाखवून कोणत्या स्थितीत गुडघा जातो ते ओळखायला शिकवलं. प्रशिक्षण घेतलेल्यांमध्ये गुडघ्याच्या गंभीर दुखापती ६२ टक्क्यांनी कमी झाल्या. ना नवं उपकरण, ना औषध.

आणि बाइंडिंगची सेटिंग मित्राची बघून लावू नका. वजन, उंची, वय, बुटाच्या तळव्याची लांबी आणि स्की करण्याची पद्धत यावरून ती ठरते. पन्नाशीनंतर ती खाली आणावी लागते. इन्स्ट्रक्टर मंडळी स्वतःच्या बाबतीत हे सर्रास टाळतात, कारण स्की मध्येच सुटलेली त्यांना खपत नाही.

बर्फवाट

@अस्थिबंध, अत्यंत मोलाचा प्रतिसाद. नव्या इन्स्ट्रक्टरांना मी हा जसाच्या तसा वाचायला देणार आहे. शरीराचा विषय निघालाच आहे तर आणखी एक. ताजा बर्फ अतिनील किरणांपैकी ८० टक्क्यांपर्यंत परत फेकतो, आणि दर हजार मीटर उंचीला ती दहा टक्क्यांच्या आसपास वाढतात. जुन्या इन्स्ट्रक्टरांच्या नाकावर, हनुवटीखाली आणि कानांवर ते दिसतं. चांगला गॉगल आणि क्रीम यांत काटकसर करू नका.

पानगळ

इन्स्ट्रक्टर आणि कोच यात फरक काय? मला तर दोन्ही एकच वाटत होतं.

बर्फवाट

@पानगळ, कामाचं सामान एकच, काळाचा हिशेब वेगळा. इन्स्ट्रक्टरला माणूस मिळतो एक तास, फार तर एक आठवडा. त्याला आजच काहीतरी जमलं पाहिजे आणि आनंद झाला पाहिजे. कोचकडे तेच मूल आठ-दहा वर्षं असतं. त्याच्यासाठी आज जे बिघडेल ते पुढच्या वर्षी कामी येणार असेल, तर आज बिघडू द्यावं लागतं. बारा ते चौदा वर्षांच्या मुलांची उंची झपाट्याने वाढते, तोल जातो, कालपर्यंत जिंकणारी मुलगी अचानक मागे पडते. त्या वर्षात पालकांना धीर देणं आणि मुलीला शर्यती कमी खेळायला लावणं, हे कोचचं सगळ्यात मोठं काम असतं. निकालाच्या कागदावर ते उमटत नाही.

दिवसाचं स्वरूपही वेगळं. अंधारात उठायचं, ड्रिलने बर्फात भोकं पाडून फाटकांच्या काठ्या रोवायच्या, मुलं उतरत असताना चित्रीकरण करायचं, मार्ग खराब झाला की स्वतः आडवं सरकत तो साफ करायचा, संध्याकाळी एकेकाची चित्रफीत लावून बसायचं. शर्यतीच्या दिवशी मार्गाच्या कडेला उभं राहून रेडिओवरून वर कळवायचं, की अमुक फाटकापाशी खड्डा पडलाय, तिथे रेषा थोडी उंच धरा. यात काय सांगायचं नाही हे ठरवणं सगळ्यात कठीण. निघायच्या तयारीत असलेल्या मुलाच्या डोक्यात एकाहून जास्त गोष्ट राहत नाही.

मार्ग कोण आखतं हे बऱ्याच प्रेक्षकांना माहीत नसतं. स्लॅलम आणि जायंट स्लॅलममध्ये सहभागी संघांचेच कोच सोडतीने नेमून आखतात. २०१४ च्या सोची ऑलिंपिकमध्ये पुरुषांच्या स्लॅलमची दुसरी फेरी क्रोएशियाच्या अँटे कोस्टेलिच यांनी आखली. ते यानिका आणि इवित्सा या नामवंत स्की शर्यतपटू भावंडांचे वडील आणि कोच. फाटकांची लय अशी सतत तोडली होती, की एकामागून एक मातब्बर बाहेर पडले. ऑस्ट्रियाचा मारिओ माट जिंकला. त्या आखणीवर बरीच टीका झाली. मला ती अवघड वाटली, पण गैर वाटली नाही.

आणि मोठा डोंगर असल्याशिवाय मोठे खेळाडू घडत नाहीत, हे खरं नाही. अमेरिकेत मिनेसोटामध्ये बक हिल नावाची टेकडी आहे, उंची जेमतेम ९५ मीटर. एरिक सेलर हे मूळचे ऑस्ट्रियन कोच तिथे कित्येक दशकं मुलांना तयार करत होते. उतार छोटा, दोराची लिफ्ट वेगवान, त्यामुळे एका संध्याकाळी मुलांच्या अंगाखालून इतकी फाटकं जायची की उंच डोंगरावर तेवढ्यासाठी काही दिवस लागावेत. २०१० ची डाउनहिलची, म्हणजे सगळ्यात वेगवान शर्यतीची, ऑलिंपिक विजेती लिंडसे व्हॉन तिथेच घडली.

पूर्वस्पर्धक

कोचच्या जबाबदारीत सरावातली सुरक्षितता पहिली यायला हवी. शर्यतीच्या मार्गावर जाळ्या, पंच, हेलिकॉप्टर सगळं असतं. सराव मात्र पुष्कळदा उघड्यावर होतो. इटलीची १९ वर्षांची मातिल्दे लोरेन्झी ऑक्टोबर २०२४ मध्ये सरावात पडून गेली, मात्तेओ फ्रान्झोसो सप्टेंबर २०२५ मध्ये चिलीत सरावातच. दोन्ही बातम्यांनी आतून हललो होतो.

बर्फवाट

@पूर्वस्पर्धक, शंभर टक्के सहमत. बर्फ अपेक्षेपेक्षा कडक निघाला किंवा जाळी अपुरी वाटली, तर सराव रद्द करण्याचा अधिकार कोचकडे हवा आणि त्याबद्दल त्याला कुणी जाब विचारता कामा नये. प्रत्यक्षात प्रवास झालेला असतो, उतार आधी राखून ठेवलेला असतो, मोठी शर्यत तोंडावर आलेली असते. नाही म्हणणारा कोच कटकट्या ठरतो. कटकट्या ठरावं, बेलाशक.

सांजसावली

इतकं सगळं व्हिडिओत फुकट मिळत असताना माणसाकडून कशाला शिकायचं? खर्च वाचेल. पटवून द्या.

बर्फवाट

@सांजसावली, व्हिडिओ जरूर बघा, मीही विद्यार्थ्यांना पाठवते. पण व्हिडिओला तुम्ही दिसत नाही. वळताना आपण काय करतोय असं आपल्याला वाटतं आणि प्रत्यक्षात काय होतं, यात सुरुवातीला प्रचंड अंतर असतं. "मी पूर्ण पुढे झुकलोय" म्हणणाऱ्याला त्याचीच चित्रफीत दाखवली की तो गप्प होतो. शिवाय पाठ चुकीच्या उतारावर गिरवला तर भीतीच पक्की होते. खर्चाची अडचण असेल तर पहिले दोन-तीन दिवस गटात शिका, मग एकट्याने सराव करा, आणि अडलात की एखादा तास खासगी घ्या. इन्स्ट्रक्टर मिळाला की त्याने तुमचे बूट तपासले का आणि तुमच्याबद्दल प्रश्न विचारले का, एवढं बघा. आल्या आल्या स्वतःचं कसब दाखवायला लागला तर दुसरा मागा.

पानगळ

+१. शेवटचं वाक्य नोंदवून ठेवलं.

दिशादर्शी

मी दृष्टिहीन स्कीअरची वाटाड्या म्हणून काम करते. ही बाजू राहू नये म्हणून लिहिते.

शर्यतीत वाटाड्या पुढे काही मीटरवर असते आणि दोघींच्या हेल्मेटमध्ये रेडिओ असतो. "डावीकडे, तयार, आता" असं अखंड बोलत, स्वतः त्याच वेगाने उतरत, मागच्या स्कीच्या आवाजावरून अंतर ओळखत जायचं. अंतर वाढलं तर तिला माझी रेषा हरवते, फार कमी झालं तर टक्कर होते. बसून स्की करणाऱ्यांसाठी एका स्कीवर बसवलेली सीट असते आणि हातात छोट्या स्की लावलेल्या काठ्या. त्यांना शिकवणाऱ्या इन्स्ट्रक्टरला खुर्ची चेअरलिफ्टवर चढवण्यापासून दोराने मागून वेग आवरण्यापर्यंत सगळं शिकावं लागतं.

ऑलिंपिकमध्ये कोचला पदक मिळत नाही. पॅरालिंपिकच्या मंचावर वाटाड्याला मात्र खेळाडूसोबत पदक मिळतं.

बर्फवाट

@दिशादर्शी, मनापासून आभार. ज्यांना शिकवण्यातलं शिकायचंय त्यांनी एक हंगाम या कामात घालवावा, असं मी प्रत्येक नव्या इन्स्ट्रक्टरला सांगते. समोरचा काय अनुभवतोय हे गृहीत धरायची सोयच तिथे नसते.

कुतूहल

हवामान बदलाचं काय? या पेशाला भविष्य आहे का?

बर्फवाट

@कुतूहल, कमी उंचीवरच्या रिसॉर्टांचे हंगाम आखडताहेत हे डोळ्यांनी दिसतंय. कृत्रिम बर्फासाठीसुद्धा ओल्या फुग्याचं तापमान (हवेतला दमटपणाही धरून मोजलेलं) उणे दोन अंश सेल्सिअसच्या आसपास किंवा खाली लागतं. नुसती यंत्रं असून भागत नाही. २०२२ च्या जुलैअखेर स्वित्झर्लंडमधल्या झेरमॅटला हिमनदीवरचं उन्हाळी स्कीइंग थांबवावं लागलं, आणि ते तर वर्षभर चालणारं म्हणून ओळखलं जातं. राष्ट्रीय संघ उन्हाळ्यात दक्षिण गोलार्धात जातात किंवा कृत्रिम बर्फाच्या बंदिस्त उतारांवर सराव करतात. लहान क्लबांना ते परवडत नाही. तासांवर पोट असलेल्या इन्स्ट्रक्टरला हंगामाचा पहिला पंधरवडा गेला तरी मोठा फटका बसतो. म्हणून निदान किमान तासांची हमी तरी करारात असावी, असं मी जिथे संधी मिळेल तिथे मांडते.

दवबिंदू

बर्फवाटताई, शेवटचा प्रश्न. माझी मैत्रीण तिशी ओलांडलेली आहे, स्की बऱ्यापैकी येतं, शाळेत शिक्षिका होती. आता या पेशात यावं का?

बर्फवाट

@दवबिंदू, यावं. शाळेत शिकवलेल्या माणसाला जे आधीच येतं, ते वीस वर्षांच्या वेगवान मुलाला शिकवायला मला दोन हंगाम लागतात. पण काही गोष्टी तिला आधीच सांगा. पहिल्या हंगामात मुलांचे गट मिळतील, तेच मागून घ्यावेत. परीक्षा ज्या देशात काम करायचंय तिथल्या मान्यतेप्रमाणे निवडावी. कामाचा परवाना आणि व्हिसा यांची चौकशी परीक्षेच्याही आधी करावी. ब्रेक्झिटनंतर अनेक ब्रिटिश इन्स्ट्रक्टरांची आल्प्समध्ये पंचाईत झाली ती याच कारणाने. करारात तास, अपघात विमा आणि राहायची सोय लेखी घ्यावी. मांड्यांचा आणि पोटाच्या स्नायूंचा व्यायाम हंगामाच्या तीन महिने आधी सुरू करावा. बूट मात्र भाड्याचे नकोत. पाय मोजून बसवून देणाऱ्याकडूनच घ्यावेत, बाकी सगळं जुनं चालेल. तिला इथे लिहायला सांगा, मी उत्तर देईन.